खताच्या ढिगात आपसूक उगवलेली रोपं: उपटण्याआधी ओळखा, हलवा, वाढवा

मृगाचे दोन-तीन पाऊस पडून गेले की आमच्या कोथरूडच्या घरामागच्या खतकुंडीत हिरवे कोंब दिसायला लागतात. कुंडी साधी आहे. विटांची, तीन फूट लांब, तीन फूट रुंद. तिच्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा, आंब्याचा वाळलेला पाला आणि मिळालं तर शेण. सुरुवातीची दोन वर्षं मी हे कोंब तण समजून उपटत होते आणि परत ढिगातच दाबत होते. तिसऱ्या वर्षी संगमेश्वरहून आई आली होती. मी वाकलेली बघून ती म्हणाली, "थांब गो, पान फुटू दे त्याला. मग ठरव." पान फुटलं, ते तांबड्या भोपळ्याचं निघालं, आणि त्या एका वेलाने दिवाळीपर्यंत पाच भोपळे दिले. आईला त्यात नवल वाटलं नाही. कोकणात परड्याच्या कडेला, शेणाच्या खड्ड्यावर भोपळा कुणी लावत नाही, तो उगवतोच.

तेव्हापासून दरवर्षी मी ढिगाकडे आधी बघते आणि मग खुरपं उचलते. ही रोपं फुकट मिळतात एवढंच त्यांचं मोल नाही. ज्या बियाला तुमच्या ढिगाचा ओलावा, तुमच्याकडचं ऊन आणि पाऊस मानवला, तेच बी वर आलेलं असतं. मात्र उगवलं ते सगळं ठेवायचं नसतं, आणि काही बाबतीत चूक जिवावरही बेतू शकते. म्हणून हे सविस्तर.

काय उगवतं आणि काय उगवत नाही

ढिगात टोमॅटोची दाटी होते, पण भेंडीचं रोप कधी दिसत नाही, असं का? कारण भेंडी, दुधी, दोडका, काकडी, वांगं, गवार या भाज्या आपण कोवळ्या खातो. त्यांच्यातलं बी तयारच झालेलं नसतं. टोमॅटो, तांबडा भोपळा, पपई, कलिंगड, खरबूज, चिबूड हे सगळं आपण पिकलेलं खातो, त्यामुळे त्यांचं बी उगवायला पक्कं असतं. मंडईतल्या काकडीचं बी वाया जातं, पण धोंडसासाठी (काकडीच्या गोड केकसाठी) आणलेल्या पिवळ्याजर्द तवशाचं, म्हणजे पिकलेल्या मोठ्या काकडीचं, बी हटकून उगवतं. हिरव्या मिरचीचं सहसा येत नाही, वाळलेल्या लाल मिरचीचं येतं. म्हणून कोंब दिसला की पहिला प्रश्न स्वतःच्या स्वयंपाकघराला विचारायचा: गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात पिकलेलं काय काय कापलं? निम्मी ओळख तिथेच पटते.

काही बी ढिगात पडल्यामुळेच लवकर उगवतं. टोमॅटोच्या प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण असतं, ते बियाला फळाच्या आत उगवू देत नाही. पपईच्या बियांवरही तसंच पाणीदार आवरण असतं. ढिगात हे आवरण आंबून, कुजून जातं आणि बी मोकळं होतं. टोमॅटोचं बी धरताना बागायतदार ते मुद्दाम दोन-तीन दिवस आंबवतात, तेच काम ढीग करतो.

बियांशिवाय उगवणाऱ्यांतला बटाटा मुख्य. जाड सालीला एखादा डोळा राहिला असेल तर त्यातून थेट जाड, लवदार कोंब येतो. आलं, हळद, रताळं, अळकुडी यांचे तुकडेही असेच फुटतात.

पायरी पहिली: आठ-दहा दिवस ढीग हलवू नका

ज्या बाजूला कोंब दिसतात तिथे नवा कचरा टाकणं थांबवा. दोन कुंड्या असतील तर उत्तम, नसतील तर ढिगाचा अर्धा भाग बाजूला ठेवा. खालीवर करू नका. वरचा थर सुकत असेल तर हाताने पाणी शिंपडा, धार सोडू नका.

वाट कशाची बघायची? बीमधून निघणारी पहिली दोन पानं ही बियातलीच असतात, साधी, गुळगुळीत कडांची. तिसरं-चौथं पान हे त्या झाडाचं खरं पान. ते आल्याशिवाय नक्की काही सांगता येत नाही. या दिवसांत सकाळी एकदा डोकवायचं, कारण गोगलगाई आणि भोपळ्यावरचे लाल भुंगे नेमक्या याच कोवळ्या पानांवर तुटून पडतात. भुंगे पहाटेच्या गारव्यात सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. चुलीची किंवा शेणीची चाळलेली राख पानावर भुरभुरली तरी ते फिरकत नाहीत. पाऊस पडला की राख पुन्हा टाकावी लागते.

पायरी दुसरी: ओळख

हा भाग घाईने उरकू नये. मी डोळा, बोट आणि नाक तिन्ही वापरते.

टोमॅटो: पहिली दोन पानं अरुंद, टोकदार. देठावर बारीक लव, बुडाशी बहुधा जांभळट झाक. खरं पान आलं की ते कातरलेलं असतं. पान दोन बोटांत हलकेच चोळा, टोमॅटोचा तो ओळखीचा उग्र वास येतो आणि बोटाला हिरवट-पिवळा डाग लागतो. हा वास एकदा घेतला की पुन्हा चूक होत नाही.

मिरची: टोमॅटोसारखीच सुरुवात, पण देठ आणि पानं गुळगुळीत, चकचकीत. खरी पानं अखंड, कातरलेली नाहीत. चोळल्यावर टोमॅटोचा वास नाही.

भोपळा: अंगठ्याएवढी जाड, लंबगोल पहिली पानं, त्यांवर शिरा स्पष्ट. दोन पानांत बियाचं फुटलेलं टरफल अडकलेलं असतं, ते ओढून काढू नका, आपोआप पडतं. खरं पान मोठं, खरबरीत. तवसं, खरबूज आणि चिबूड यांची पहिली पानं अशीच पण लहान असतात. या वयात ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, वेल फुलेपर्यंत थांबावं लागतं. कलिंगडाचं मात्र लवकर कळतं, त्याचं खरं पान खोल कातरलेलं आणि राखाडी-हिरवं असतं.

पपई: सरळ, मऊ देठ. सुरुवातीची खरी पानं साधी, पुढची त्रिशूळासारखी तीन टोकांची. पपईची रोपं एकटी नसतात. बियांची मूठ एकाच जागी पडलेली असते, त्यामुळे वीस-पंचवीस रोपांचा झुबका दिसतो.

कोथिंबिरीची पहिली दोन पानं लांबट पट्टीसारखी असतात. मेथीचं पहिलं खरं पान एकेरी आणि त्यानंतरची तीन-तीन पानांची. दोन्ही चोळली की वासाने कळतात. मोहरी, मूग, मटकी यांचीही गर्दी होते. ती कोवळी असताना उपटून खतातच जाऊ द्या, फार जीव लावण्यासारखी नाहीत.

आता ज्यांच्यापासून सावध राहायचं ते. धोत्रा हा सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं लहान रोप वांग्यासारखं दिसतं, मऊ लवदार पानांचं. धोत्र्याचे सगळे भाग विषारी असतात, बी तर फारच. एक हिशेब ध्यानात ठेवा: मंडईतलं वांगं कोवळं असतं, त्यामुळे ढिगात वांग्याचं रोप येणं दुर्मीळ. "वांग्यासारखं काहीतरी" दिसलं तर आधी धोत्र्याचाच संशय घ्यावा. चोळल्यावर घाणेरडा, मळमळणारा वास आला तर उपटून टाका आणि हात धुवा. फळ येईपर्यंत खात्री पटत नसेल तर तेव्हाही ठेवू नका.

कामोणी पक्ष्यांच्या विष्ठेतून येते आणि मिरचीच्या रोपात सहज खपून जाते. तिला बारीक पांढरी फुलं येतात आणि मण्यांएवढी फळं लागतात. गाजरगवताची कोवळी पानं शेवंतीसारखी कातरलेली आणि जमिनीला चिकटून पसरलेली असतात. 1950 च्या दशकात ते भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, आणि आज ते नाही असं गाव नाही. काहींना त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठतं. फुलायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट काढा.

पायरी तिसरी: कोणतं ठेवायचं

जागा आणि ऋतू हे दोन निकष. जूनमध्ये उगवलेला भोपळा, तवसं, चिबूड, पपई हे ठेवण्यासारखे, त्यांचा हंगामच तो. जूनमधला टोमॅटो मात्र पुणे-कोकणच्या पावसात करप्याला बळी पडतो. ठेवायचाच असेल तर वळचणीखाली, पानांवर पाणी पडणार नाही अशा जागी न्या. टोमॅटोचं खरं सोनं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उगवणाऱ्या रोपांत आहे, ती थंडीभर फळतात. फेब्रुवारी-मार्चमधली रोपं दिसायला जोमदार असतात, पण ती फुलावर येईपर्यंत ऊन 35 अंशांच्या वर जातं आणि फुलं गळतात.

मग रोपांतून निवड. झुबक्यातलं सगळ्यात उंच रोप घेण्याचा मोह आवरा, ते बहुतेक वेळा उजेडासाठी ताणलेलं असतं. बुटकं, जाड देठाचं, गडद पानाचं घ्या. पानं वाटीसारखी वळलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची किंवा आखडलेली असतील तर तो बहुधा विषाणूरोग असतो. टोमॅटोवर आणि मिरचीवर त्याला बोकड्या, चुरडामुरडा म्हणतात. अशा रोपाला औषध नाही. ते लगेच काढा, आणि ढिगात टाकू नका. बटाट्याच्या कोंबांवरही नजर ठेवा, करपा त्यांच्यावरून शेजारच्या टोमॅटोवर जातो.

भोपळ्याचे दहा कोंब असतील तर एक, फार तर दोन ठेवा. एक वेल सहज पंधरा-वीस फूट धावतो. बाकीचे उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात.

पायरी चौथी: हलवायचं की जागेवरच ठेवायचं

भोपळावर्गीय वेलांना मुळं दुखावलेली खपत नाहीत. म्हणून ढीग थंड झालेला असेल, आत हात घातल्यावर ऊब लागत नसेल, तर वेल ढिगावरच राहू द्या आणि त्याला बाहेरच्या जमिनीकडे किंवा मांडवाकडे वळवा. ढीग अजून तापत असेल तर मुळं भाजतात, तेव्हा हलवावंच लागतं. पहिल्या दोन पानांच्या जोडीवरच, फार तर एक खरं पान आल्यावर. त्यापुढे जमत नाही.

टोमॅटो, मिरची आणि पपई हलवणं सोपं. दोन ते चार खरी पानं ही योग्य वेळ. मी असं करते:

1. दुपारी तीनच्या सुमारास ढिगावर पाणी शिंपडायचं, म्हणजे संध्याकाळी माती मुळांना धरून राहते.
2. नारळाच्या करवंट्यांना तळाशी भोक पाडून त्यात दोन भाग बागेची माती, एक भाग चाळलेलं जुनं खत आणि मूठभर वाळू भरायची. नुसतं खत भरलं तर रोप माजतं किंवा बुडाशी कुजून कोलमडतं.
3. ऊन उतरल्यावर रोपापासून दोन बोटं लांब खुरपं तिरकं खुपसून मुळांभोवतीच्या मातीसकट उचलायचं. धरायचं ते पानाला, देठाला नाही. पान तुटलं तर नवं येतं, देठ चिमटला तर रोप गेलं.
4. टोमॅटोचं देठ पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडायचं, गाडलेल्या देठाला मुळं फुटतात. मिरची आणि पपई मात्र होती त्याच खोलीवर. पपई खोल गेली की बूड सडतं.
5. तीन-चार दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, आठवड्याने पूर्ण ऊन.

पहिल्या दुपारी रोप मान टाकतं. घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ते सावरतं का बघा. सकाळीही मान खालीच असेल तरच काही बिघडलंय.

पपई एका खड्ड्यात तीन लावा. देशी पपईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फूल आल्याशिवाय ती कळत नाहीत. लांब लोंबत्या दांड्यांवर फुलांचे घोस आले तर नर, खोडालगत एकेकटं जाड फूल आलं तर मादी. कळल्यावर मादी ठेवून बाकीची काढायची. सगळ्या बागेत एखादा नर मात्र हवा.

पायरी पाचवी: वाढवताना

ढिगाच्या सुपीक मातीत वेल पानांनी फुगतो आणि फळ धरत नाही, ही नेहमीची तक्रार. कारण नत्र जास्त झालेलं असतं. वरून आणखी शेणखत, जिवामृत काही देऊ नका. मूठभर राख आणि बेताचं पाणी पुरे.

दुसरी तक्रार, "फुलं येतात आणि गळतात." भोपळ्याला आधी काही दिवस नुसती नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फुलामागे इवलासा भोपळा असतो, तो पिवळा पडून गळला तर परागीभवन झालेलं नाही. पावसाळ्यात मधमाश्या कमी फिरतात, तेव्हा हे काम आपण करायचं. भोपळ्याची फुलं भल्या सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. मी सहा-साडेसहाला ताजं नर फूल खुडते, पाकळ्या सोलून काढते आणि मधला परागाने माखलेला दांडा मादी फुलाच्या मध्यावर तीन-चारदा अलगद टेकवते. एका नर फुलात दोन माद्या होतात. उरलेल्या नर फुलांची भजी करावीत, मादी फुलं तोडू नयेत. दुधीचा वेल कधी आलाच तर त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्याला हाच उपाय दिवेलागणीला करायचा.

फळ लिंबाएवढं झालं की फळमाशी टोचून अंडी घालते. पाकळ्या गळल्या की लगेच फळाला जुन्या सुती कापडाची सैल पिशवी बांधा. क्यू-ल्युअरचा कामगंध सापळा (नर फळमाश्यांना वासाने ओढून पकडणारा) कृषी सेवा केंद्रात मिळतो, परसबागेला एक पुरतो. किडलेली फळं ढिगात टाकू नका, अळ्या मातीत कोष करतात आणि पुढच्या महिन्यात माश्या होऊन येतात. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा.

भोपळा कधी काढायचा? देठ वाळून लाकडासारखं झालं आणि सालीवर नख रुतेनासं झालं की. दोन इंच देठ ठेवूनच कापा, नाहीतर तिथून कुजतो.

पायरी सहावी: आधी चव, मग भाजी

हे पाळाच. भोपळा, दुधी, काकडी, झुकिनी या कुळात कडू द्रव्यं मुळात असतातच. लागवडीच्या वाणांतून माणसाने ती पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढली आहेत. आपसूक उगवलेल्या वेलाचं बी कुठल्या शेतातल्या कुठल्या वेलाच्या परागाने झालं ते आपल्याला माहीत नसतं. त्यात कडूपणा परतलेला असू शकतो. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. त्यावर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञ समिती नेमली होती आणि तिचा अहवाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. सल्ला स्वच्छ आहे: रस काढण्याआधी दुधीचा लहानसा तुकडा चाखा, कडू लागला तर फेका. जर्मनीत 2015 मध्ये घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाल्ल्यावर एका वृद्धाचा मृत्यू झाल्याच्या बातम्या होत्या. शिजवल्याने हे द्रव्य जात नाही.

म्हणून प्रत्येक नव्या वेलाच्या पहिल्या फळाचा शेंगदाण्याएवढा तुकडा कच्चा जिभेवर ठेवा आणि थुंका. किंचितही कडवट लागला तर फळ टाका, वेल काढा. मीठ, गूळ, चिंच घालून कडूपणा झाकायला जाऊ नका. चुकून खाल्लं आणि पोटात कळा, उलटी, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा. कारलं अर्थात वेगळं, ते कडूच असायचं.

बटाटा हिरवा पडला असेल तर खाऊ नये, आणि त्याच्या झाडाला लागणारी टोमॅटोसारखी हिरवी फळं मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

बी धरायचं असेल तर

मंडईतला टोमॅटो बहुतेक संकरित असतो, त्यामुळे ढिगातल्या झाडाची फळं आईसारखी निघतीलच असं नाही. एकाच मुठीतल्या रोपांना वेगवेगळी फळं लागतात, कुणी लंबगोल, कुणी चपटं, कुणी फार आंबट. पण टोमॅटो बव्हंशी स्वपरागी आहे, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळतो. आवडलेल्या झाडाचं बी धरून, दरवर्षी त्यातलं उत्तम निवडत गेलात तर काही वर्षांत तुमच्या बागेचा स्थिर वाण तयार होतो. भोपळा आणि चिबूड यांचा पराग मधमाश्या नेतात. चिबूड आणि खरबूज शेजारी असतील तर त्यांचा संकर होतो, काकडीशी मात्र होत नाही. बी हवं असेल तर उमलायच्या आदल्या संध्याकाळी नर आणि मादी दोन्ही कळ्या दोऱ्याने बांधा, सकाळी सोडून हाताने पराग लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा.

नकोच असतील तर

सगळ्यांकडे जागा नसते, आणि तयार खत कुंड्यांत घातल्यावर प्रत्येक कुंडीत टोमॅटो उगवला तर वैताग येतो. ढिगाच्या आत 55 ते 60 अंश तापमान सलग काही दिवस राहिलं तर बहुतेक बी मरतं. घरगुती कुंडी एवढी क्वचितच तापते. त्यासाठी निदान तीन फूट लांब, रुंद आणि उंच ढीग एकदम रचावा लागतो, हिरव्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला लागतो आणि कडेचं बी मधोमध जावं म्हणून दर चार-पाच दिवसांनी ढीग उलटावा लागतो. ते जमत नसेल तर टोमॅटो, पपई आणि भोपळ्याचा गर ढिगात टाकूच नका, वेगळ्या बादलीत पाण्यात आठवडाभर कुजवून मग टाका. आणखी सोपं म्हणजे तयार खत पसरून ओलं करायचं, आठवडाभर गोणपाटाखाली झाकायचं, उगवतील तेवढे कोंब उगवू द्यायचे आणि खुरप्याने उलटून मग कुंड्यांत भरायचं. मी असं करते तेव्हाही गोणपाट उचलल्यावर एकेका कोंबाचं पान चोळून बघते. गेल्या ऑक्टोबरात त्यातून मिरचीची चार रोपं मिळाली. त्यांतली दोन अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत.